बोहारणीला दिलेल्या साड्या

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्यावर गुदरली ती वसुमती माझी धाकटी जाऊ. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द बदलला नाही.

१९८६ चा चैत्र. डहाणू रोडचं रेल्वे क्वार्टर.

रात्र नव्हे… भर दुपार.

वसुमती ही दशरथची दुसरी बायको. पहिली, उंचीपुरी नलिनी, दोन वर्षांपूर्वी वारली होती. पण दोन खोल्या तिच्याच वस्तूंनी खच्चून भरलेल्या. बरण्या, विणलेले रुमाल, पितळी डबे. लोखंडी कपाटाचे वरचे तीन कप्पे तिच्या साड्यांचे. वसुमतीला खालचा एक.

"काढूया का हे?" असं विचारलं की दशरथ म्हणायचा, "असू दे गं. तुझं काय अडलंय?"

सगळंच अडलं होतं. मेलेल्या बाईचा तिला हेवा वाटायचा.

त्या दुपारी दशरथ ड्युटीवर होता. दारात रूपी बोहारीण आली. वसुमतीने नलिनीच्या सगळ्या साड्या तिच्यापुढे टाकल्या. फक्त हिरवा शालू मागे ठेवला.

"एवढ्यात मोठं पातेलं नाय येत, बेन. अजून एक घाला."

वसुमतीने शालूही घातला. नलिनीच्या लग्नातला.

रूपी गेल्यावर तिने आपल्या साड्या वरच्या कप्प्यांत लावल्या. पहिल्यांदाच घर आपलं वाटलं.

संध्याकाळी कपाटातून वास आला… डांबरगोळ्यांचा.

वसुमती डांबरगोळ्या वापरत नव्हती.

चौथ्या दिवशी रूपी आली. डोक्यावरची टोपली उतरवेना.

"सौदा मोडायचा तर स्वतः यायचं, बेन. दुसरीला कशाला पाठवलं?"

"कुणाला?"

"तुमच्या घरातली ती उंच बाई. आज सकाळी बाजारात गाठलं मला. शालू-बिलू सगळं परत नेलं. बदल्यात हे दिलं."

तिने गाठोडं उंबऱ्यावर टाकलं.

वसुमतीच्याच साड्या. अगदी वर तिचा स्वतःचा लग्नातला शालू…

वसुमती आत धावली. कपाट उघडलं.

वरचे तिन्ही कप्पे नलिनीचे. घडी न घडी जिथल्या तिथे. खालचा कप्पा रिकामा.

"काय… काय म्हणाली ती?"

"म्हणाली, पातेलं राहू दे तिला. हौस आहे बिचारीला."

रूपी पुन्हा त्या गल्लीत आली नाही.

दशरथ रागावेल, असं वसुमतीला वाटलं होतं. रडत रडत तिने सगळं सांगितलं. तो कपाटापाशी गेला. मग हळूच म्हणाला,

"बरी दिसत होती का गं?"

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी घरी जेवायला येऊ लागला. ताट वाढून झालं की म्हणायचा, "तू जरा शेजारी जाऊन बस."

वसुमती शेजारी जायची नाही. बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची.

आत तो बोलायचा… मध्येच थांबायचा… पुन्हा बोलायचा.

पुढचं सांगताना ती माझ्याकडे बघत नाही. मलाही तिच्याकडे बघवत नाही.

"तिचा आवाज मला कधी ऐकू आला नाही, जाऊबाई," ती म्हणते. "पण हे हसायचे. माझ्याशी कधी तसे हसले नाहीत."