समुद्राच्या पाण्याने धुतलेली प्लेट

पोलादाची अवजड प्लेट जितकी धुवावी तितकी लाल होत होती. शलाकाने आणखी एक बादली ओतली, काथ्याने खसाखसा घासलं आणि मागे सरून पाहिलं. सुरुवातीला करड्या पोलादावर नुसते ठिपके होते. आता सगळीकडे नारिंगी थर चढला होता, आणि हात लावला की बोटं विटकरी होत होती. पृथ्वीवरची धूळ भलतीच चिवट आहे, असं म्हणून ती पुन्हा पाणी आणायला निघाली.

शलाका अकरा वर्षांची. दीड वर्षाची असताना आईबाबांबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत गेली, ती आता पहिल्यांदाच हर्णैला, आजोबांकडे, महिनाभर राहायला आली होती. पृथ्वीवर सगळंच जड वाटे, म्हणून तिच्या पायांना आणि कमरेला आधाराचा पोशाख होता. चालताना तो बारीक गुणगुणायचा.

तिचे आजोबा, जनार्दन पावसे, धातुशास्त्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप थाटलं होतं. चंद्रावर वेल्डिंगचं सगळं काम यंत्रं करतात. शलाकाला मात्र ते स्वतःच्या हाताने शिकायचं होतं. "ये तर खरी," आजोबा फोनवर म्हणाले होते, "आपण दोघं मिळून वेल्डिंगचं टेबल करू. त्याच टेबलावर तू शिकशील." मोडीत काढलेल्या एका बोटीची जाडजूड प्लेट त्यांनी मिळवली होती आणि अख्खा पावसाळा घासून घासून ती आरशासारखी केली होती.

शलाका आली आणि थोड्याच दिवसांत आजोबांच्या छातीत दुखू लागलं. तपासणीसाठी ते दोन दिवस म्हणून दापोलीला गेले, त्याचे दहा दिवस झाले. शेजारच्या सुलभामावशी तिला जेवूखाऊ घालत, पण दिवसभर त्या बंदरावर असत. शलाकाने आजोबांसाठी काहीतरी करायचं ठरवलं. चंद्रावर पाणी मोजून मिळतं. एखादी वस्तू पाण्याने धुणं म्हणजे तिचा केवढा मान! आणि इथे तर अंगणापलीकडे संपता न संपणारं पाणी होतं. तिने चाकांच्या गाड्यावरची प्लेट अंगणात ओढली आणि रोज समुद्राच्या पाण्याने धुतली.

आजोबा परतले, ते रिक्षातून उतरताच थबकले.

"हे काय झालं गं?"

"मी रोज धुतली, आजोबा. तुम्ही याल तेव्हा छान दिसावी म्हणून. पण धूळ जातच नाही."

"कुठल्या पाण्याने?"

"समुद्राच्या. तेच पुष्कळ होतं ना!"

आजोबा पायरीवर बसले. ते रागावले असते तर शलाकाला बरं वाटलं असतं.

"ही धूळ नाही, बाळा," ते म्हणाले. "हा गंज."

शलाकाला शब्द ठाऊक होता. पुस्तकात वाचला होता. वस्तू पाहिली नव्हती.

"मग काढून टाकू ना. वर बसलाय तो."

"वर बसलेला नाही. हे लोखंडच आहे. मला सांग, वसाहतीबाहेर ती जुनी यंत्रं उभी असतात, ती कधी लाल झाली?"

"नाही. मला कळायला लागल्यापासून तशीच आहेत."

"तिथे बाहेर काय नाही?"

"हवा नाही. आणि पाणी नाही."

"इथे दोन्ही आहेत. हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र मिळालं की लोखंड त्यांच्याशी जोडलं जातं आणि ऑक्साइड (ऑक्सिजनशी जोडून बनलेला पदार्थ) तयार होतं. ते भुसभुशीत असतं. त्याच्या फटींतून पाणी आत शिरतं आणि खालचं लोखंडही खाल्लं जातं. हे होताना प्लेटच्या पृष्ठभागावर विजेचे अगदी बारीक प्रवाह वाहतात. पाण्यात मीठ असलं की ते प्रवाह सहज वाहतात, म्हणून गंज झपाट्याने वाढतो."

शलाकाने खाली पाहिलं. "म्हणजे हवा इथली होती. पाणी आणि मीठ मी दिलं."

"हो," आजोबा म्हणाले. त्यांना खोटं समाधान करता येत नसे.

"गंजावर टेबल नाही होणार?"

"वेल्डिंगची वीज यंत्रातून निघते, जोडायच्या तुकड्यातून टेबलात उतरते आणि टेबलाला लावलेल्या चिमट्यातून परत यंत्रात जाते. गंजातून वीज नीट जात नाही. मध्ये गंज आला की वाट अडली. तेव्हा साफ तर करावीच लागेल. पण डॉक्टरांनी मला जोर लावायला मनाई केली आहे."

"मी करते."

तिच्या यानाला जेमतेम आठवडा उरला होता.

आजोबा खुर्चीवर बसून सांगत गेले. शेजारच्या दोन माणसांनी प्लेट उचलून अंगणातल्या मोठ्या प्लास्टिकच्या टाकीत ठेवली. शलाकाने टाकीत गोडं पाणी भरून धुण्याचा सोडा विरघळवला. प्लेटला न टेकतील अशा बेताने कडेने भंगारातल्या लोखंडी सळ्या टांगल्या. आजोबांनी बॅटरी चार्जरचं ऋण टोक प्लेटला आणि धन टोक सळ्यांना जोडलं आणि मगच बटण दाबलं.

"याला विद्युत अपघटन (विजेने पदार्थाची फोड करणे) म्हणतात. ते बुडबुडे दिसतात का? प्लेटपाशी हायड्रोजन सुटतोय. तो पेट घेतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं आणि जवळ ठिणगीसुद्धा नको. वीज चालू असताना पाण्यात हातही घालायचा नाही."

बुडबुड्यांनी गंज सैल झाला. वीज बंद करून प्लेट वर काढली तेव्हा नारिंगी थराचा काळा चिखल झाला होता, आणि तो ब्रशने भराभर निघत होता. शलाकाचे खांदे भरून आले. पोशाख पायांना आधार देत होता, हातांना नाही. खालून करडं पोलाद दिसू लागलं तशी ती आनंदाने, दुपारी घरी आलेल्या सुलभामावशींना बोलवायला धावली. परत येते तो ओल्या प्लेटवर पुन्हा नारिंगी झाक!

"पूस! आधी पूस!" आजोबा ओरडले. "उघडं पोलाद वाट पाहत नाही."

तिने पुन्हा घासली, कोरड्या फडक्याने पुसली, उन्हात तापवली आणि लगेच तेलाचा हात फिरवला. तेलाच्या थराने हवा आणि पाणी बाहेरच राहतात, हे आता तिला सांगावं लागलं नाही. मग ती प्लेटवरून बोट फिरवत राहिली. जागोजागी बारीक खड्डे होते.

"हे कसे भरायचे?"

"ते लोखंड चिखलाबरोबर गेलं," आजोबा म्हणाले. "टेबलाला तेवढं चालतं. पण ते परत येत नाही."

यान सुटण्याच्या आदल्या दिवशी शलाकाने चामड्याचे हातमोजे चढवले, डोळ्यांवर काळी काच घेतली आणि टेबलाचा पहिला पाय जोडला. आजोबा मागे उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. जोड वेडावाकडा झाला, पण घट्ट बसला. उरले तीन पाय. गंज काढण्यात गेलेले दिवस हातात असते तर चारही झाले असते, आणि त्या टेबलावर आणखी किती शिकता आलं असतं. हे दोघांनाही कळत होतं. आजोबांच्या हृदयाला चंद्राचा प्रवास झेपणार नव्हता, आणि शलाकाला पुन्हा यायला काही वर्षं लागणार होती.

"मी विचारायला हवं होतं," निघताना ती म्हणाली.

"आणि मी जाताना सांगायला हवं होतं," आजोबा म्हणाले. "तू गंज कधी पाहिलाच नाहीस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

चंद्रावर परतल्यानंतर काही महिन्यांनी शलाका वसाहतीच्या भाजीघरात पालकाला पाणी घालत होती. भाजीघर बंदिस्त होतं. आत माणसांसाठी हवा होती आणि रोपांसाठी ओलावा. वाफ्याच्या चौकटीच्या एका बोल्टवर तिला नारिंगी ठिपका दिसला. शेजारी काम करणाऱ्या माणसाने तो ओल्या फडक्याने पुसायला हात पुढे केला.

"पाणी नको!" शलाका ओरडली.

तिने बोल्ट घासला, कोरडा केला आणि तेल लावलं. मग बाकीचे सगळे बोल्ट एकेक करून तपासले. आणखी दोन सापडले. त्या दिवसापासून भाजीघरातल्या लोखंडावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे आलं.

संध्याकाळी तिने आजोबांना फोन लावला. पृथ्वीपर्यंत आवाज जाऊन उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढ्या शांततेत तिच्या डोळ्यांसमोर एका पायाची ती प्लेट आली.

"बोल गं," आजोबांचा आवाज आला.

"आजोबा, इथेही गंज आहे. मी वेळेवर ओळखला."

पुन्हा ती छोटीशी शांतता.

"किती बोल्ट?" आजोबांनी विचारलं. खुर्ची सरकल्याच्या आवाजावरून शलाकाला कळलं की ते उठून उभे राहिले आहेत. "थांब, मला सगळं पहिल्यापासून सांग."