पाठ खोटं बोलत नाही

आमच्या कॉलेजात सत्कार फुकट मिळत नाही. इतर ठिकाणी पाहुण्याला गुच्छ देतात, चार शब्द बोलायला लावतात आणि मोकळं करतात. आमच्याकडे माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात मेडल घालण्याआधी त्याला भर सभागृहात एक पेशंट तपासावा लागतो. एक्स-रे नाही, रिपोर्ट नाही, पेशंटला एक प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. तो स्टुलावर फळ्याकडे तोंड करून बसतो. आपण मागे उभं राहायचं, बोटांनी त्याची पाठ वाजवायची आणि निदान सांगायचं.

हा रिवाज टकटकसरांचा. खरं नाव लावून त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मडकं घेताना वाजवून बघतात तशी सर माणसं वाजवून बघायचे. छातीत हवा असेल तर आवाज घुमतो, पाणी साठलं असेल तर बद्द येतो. आवाज जिथे बदलेल तिथे निळ्या पेन्सिलने कातडीवर रेघ ओढायची. "पेशंटचा चेहरा बघू नका," सर म्हणायचे. "चेहरा डॉक्टरला खूश करायला बघतो. पाठ खोटं बोलत नाही."

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मी आज जी काही डॉक्टर आहे ती त्यांच्यामुळे आणि त्या जुन्या इमारतीमुळे. त्यामुळे सत्काराचा फोन आला तेव्हा मी या वयात स्वयंपाकघरात उडी मारली. खोटं कशाला बोलू?

उडी बघायला मास्तर होते. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तरी मी त्यांना मास्तरच म्हणते आणि ते मला डॉक्टरबाई. "आता तुझे पाय जमिनीला लागायचे नाहीत," ते म्हणाले, हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

हा खोकला अधूनमधून ऐकू यायचा. "डॉक्टरबाई, उजव्या बाजूला पाठ जरा जड वाटते गं."

"दिवसभर वाकून चित्रं काढल्यावर आणखी काय होणार? सत्कार होऊ दे, मग नीट बघते."

"बघ, तुला वेळ मिळाला की."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गळका नळ असो, नाटकाची तिकिटं असोत, नाहीतर स्वतःची पाठ असो, वेळ मिळाला की. कधी रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून मला एका जागी बसवेना. भाषण पाठ होतं तरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. पर्स उघडत होते, बंद करत होते. मास्तरांनी आपल्या डब्यातून जाड, मऊ निळी पेन्सिल काढली आणि ब्लेडने तिला हळूहळू टोक काढलं.

"बोथट पेन्सिल नेलीस तर घराण्याची अब्रू जाईल," ते म्हणाले. टोक काढताना ते दोनदा थांबले आणि त्यांनी श्वास घेतला. मी तेव्हा आरशासमोर होते.

सभागृह तसंच होतं. उतरत्या लाकडी बाकांच्या रांगा, फिनेलचा वास, कधीच पुरती बंद न होणारी ती एक खिडकी. भिंतीवर टकटकसरांचा फोटो. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मास्तर बसले होते, राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी बघितलं की ते लगेच अंगठा दाखवत होते.

मी आभार मानले. चांगलं बोलायचं होतं, पण मधली दोन वाक्यं गायब झाली. एवढंच जमलं: "या बाकांनी मला ऐकायला शिकवलं. या ऋणातून मला मोकळं व्हायचंच नाही." टाळ्या पडल्या. त्या आवाजातच बाजूच्या खोलीचं दार उघडून पेशंट आत आला असावा, कारण मी पाण्याचा पेला ठेवून वळले तेव्हा तो स्टुलावर बसलेलाच होता. कमरेपासून वर उघडा. वयस्क, किडकिडीत, मान किंचित वाकवलेली.

मी जवळ गेले. हात चोळून ऊन करायचे, मगच पेशंटला लावायचे, हाही सरांचाच नियम. गडबडीत तो राहिला. डावा पंजा पाठीवर टेकवताच ती पाठ शहारली.

"हात गार आहेत," तो फळ्याकडे बघत हळूच म्हणाला.

मुलं हसली. मीही हसले. पेशंटने बोलायचं नसतं, पण ठीक आहे.

डावी बाजू वरून खालपर्यंत घुमली. स्वच्छ. मग उजवी. वर चांगली, मध्ये चांगली. खांद्याच्या हाडाखाली बोट सरकवलं आणि आवाज बसला. लाकडी फळीवर वाजवावं तसा बद्द. पुन्हा वाजवलं. बद्दच. फुप्फुसाभोवती पाणी, आणि थोडंथोडकं नाही. या वयात, इतक्या बारीक झालेल्या अंगात हे पाणी सहसा कशाने होतं ते मला माहीत होतं. मुलांनाही माहीत असणार.

पेन्सिल घेऊन मी रेघ ओढली. मऊ टोक कातडीवरून सहज सरकलं. मणक्यापासून काखेकडे जाता जाता ते एका जुन्या व्रणावर अडखळलं.

नखाएवढा, चंद्रकोरीसारखा व्रण. तरुणपणी सायकल घेऊन तारेच्या कुंपणात पडल्याचा. त्याला टाके मीच घातले होते, अगदी नवशिकी असताना, आणि दोन टाके वाकडे पडले होते. ते दोन टाके तिथे वाकडेच होते.

मी वळून पहिल्या रांगेकडे बघितलं.

मास्तर खुर्चीवर होते. राखाडी कोट, सगळी बटणं लावलेली. माझ्याकडे बघून हसले. आणि त्यांनी उजवा खांदा खुर्चीच्या पाठीवर घासला, मागे काहीतरी हुळहुळल्यासारखा.

"काय निदान, मॅडम?" प्राचार्यांनी विचारलं.

रिवाज असा की निदान मोठ्याने सांगायचं. वेड्यासारखं मला वाटलं, बोलले की ते पक्कं होईल.

"काही नाही," मी म्हणाले. "छाती स्वच्छ आहे."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. ती निळी रेघ सगळ्यांना दिसत होती. पण सत्कारमूर्तीला कोण बोलणार? प्राचार्यांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या आणि माझ्या गळ्यात मेडल घातलं. मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

चहाच्या गर्दीत मी वॉर्डच्या सिस्टरला गाठलं. "मघाचा पेशंट कुठल्या वॉर्डातला होता?"

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्या पेशंटला सकाळी ताप आला म्हणून आणलंच नाही. स्टुलावर बसले ते तुमच्याबरोबरचेच ना? सकाळपासून आतल्या खोलीत बसून होते. मी विचारलं, तर म्हणाले, डॉक्टरबाईंचा माणूस आहे. त्यांना वेळ मिळाला की बघतील."

परतताना गाडी मी चालवली. मास्तर मजेत होते. मेडल उलटंपालटं करत होते, त्यावरचं चित्र कुणी गचाळ काढलंय ते सांगत होते.

"पण एक सांग," ते मध्येच म्हणाले. "छाती स्वच्छ, तर मग रेघ कशाला ओढलीस?"

"सवय," मी म्हणाले.

गाडी बाजूला घेऊन तिथेच त्यांचा कोट काढावासा वाटत होता. घेतली नाही. मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती. जोवर त्या पाठीला हात लावत नाही तोवर काहीच झालेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खोकला आला की रेडिओचा आवाज वाढवत होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मास्तरांनी कोट खुर्चीवर टाकला आणि शर्ट काढून बघितला.

"अगं, हे काय लागलं? शर्ट आतून निळा झालाय. त्या खुर्चीला रंग होता की काय?"

"बसा," मी म्हणाले. "तिकडे तोंड करून बसा."

"आत्ता? आधी चहा तरी..."

"मास्तर, बसा ना हो."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते मुकाट्याने स्टुलावर बसले. मान किंचित वाकवून.

रेघ तिथेच होती. मणक्यापासून काखेकडे गेलेली, व्रणावर जरा अडखळलेली.

मी हात चोळले. खूप वेळ चोळले, तळवे भाजेपर्यंत. मग डावा पंजा टेकवला आणि वाजवायला सुरुवात केली, वरून खाली. रेघेपर्यंत पोचायच्या आधीच आवाज बद्द झाला. दुपारपेक्षा दोन बोटं वर.

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या खांद्यावर पडलं, पण ते हलले नाहीत.

"उद्या सकाळी आपण हॉस्पिटलात जायचं," मी म्हणाले. "सगळी कामं रद्द करते. मला वेळच वेळ आहे."

मास्तरांनी भिंतीकडे बघतच मान हलवली. मग हात मागे घेऊन माझी बोटं चाचपली.

"आता छान ऊन आहेत," ते म्हणाले. "दुपारी केवढे गार होते गं तुझे हात."