डाव्या कानावरची चांदी

आधी मी त्याचा डावा कान चंदेरी केला, ओळख नंतर झाली.

चूक माझी नव्हतीच मुळी. शेलूबाजारला हायवेवर, जीपच्या थांब्याला लागूनच आमचं गाड्या रंगवायचं दुकान. मी एका बंपरवर रंगाची गन धरून बसलेली, कॉम्प्रेसर धडधडतोय, नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधलेली — आणि हा मुलगा टिनाच्या दारातून सरळ फवाऱ्यातच चालत आला. मी खटका सोडला तोवर उशीर झाला होता. चष्म्याची एक काच, थोडे केस आणि अख्खा डावा कान... मिठाईवरच्या वर्खासारखा चमकत होता.

मला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं चष्मा काढला, काच उन्हात धरली आणि कितीतरी वेळ ती पाहत राहिला.

"ब्रशाचा एक बी पट्टा नाई," तो म्हणाला. "मले असाच पाह्यजे."

"कान?"

"नाई... शिपाई."

आणि त्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. डब्यात पोळीभाजी नव्हती. कापसात गुंडाळलेले दहा शिपाई होते, एकेक माझ्या अंगठ्याएवढा. चिलखतं, ढाली, भाले, सगळं इतकं बारीक की मी श्वाससुद्धा जपून घेतला.

त्याचं नाव हरीओम. गाव जऊळका. पुण्याला शिकायला असताना होस्टेलची मुलं टेबलावर पट मांडून, फासे टाकून या शिपायांच्या लढाया खेळायची. तेच मित्र आता रंगवलेले शिपाई विकत होते. त्यांनी त्याला सांगितलं होतं, दहा जणांचा एक डबा दसऱ्यापर्यंत पाठव. पसंत पडला तर काम घरपोच, जऊळक्यात बसून करायचं. नाही पडला तर पुण्यात नोकरी, आणि घरी गुडघे धरून बसलेली आई, गोमतीबाई, एकटी. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, बंपरकडे पाहत होता. चेहरे, हात, केस तो स्वतः ब्रशानं करणार होता. पण चिलखताला ब्रश लावला की पट्टे दिसायचे.

दहावी एक मुलगी होती, हातात झेंडा घेतलेली. तिचे नाकडोळे त्यानं सुईनं कोरून नव्यानं घडवले होते. पंधरा दिवस लागले म्हणाला. मोहरीएवढं तर नाक.

"मी करून देते," मी म्हणाले. बाबांना विचारलंही नाही. कॉलेजचं दुसरं वर्ष सांभाळून याच उन्हाळ्यापासून गन माझ्या हातात आली होती. जीपवाले अजूनही दुकानात येऊन माझ्या खांद्यावरून आत पाहायचे, देवानंद पेंटर, म्हणजे बाबा, कुठे आहेत म्हणून. हा पहिलाच, ज्यानं आत पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो बघायला म्हणून आला आणि नेमकी सर आली. ओल्या हवेत चंदेरी रंग मारला की दुधासारखा पांढरा पडतो, म्हणून गन बंद. आम्ही रंगाच्या दोन डब्यांवर बसलो, टिनावर ताडताड पाऊस, मधे बरोबर एका डब्याची जागा रिकामी.

"तुमी हसता का कधी?" तो म्हणाला. "त्या ओढणीपायी काई समजतच नाई."

"डोळे पाहा ना मंग."

त्यानं पाहिले. मग पावसाकडे पाहिलं. मग पुन्हा... पाहिले. मी ओढणी सोडली नाही. तिच्या आत मी केव्हाची हसत होते.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं.

आमच्या कामाची एक रीत आहे. रंगाआधी थिनरच्या फडक्यानं पुसायचं. तेलाचा हात राहिला तर रंग पोपडे धरतो. जीप असो की कपाट, आमचा हात विचार न करता फडक्याकडे जातो. मी सगळ्यांत आधी तिलाच उचललं, झेंडेवालीला. हरीओम समोर उभा होता, म्हणून जरा जास्तच मायेनं पुसलं. बोटाला काहीतरी चिकट लागलं. फडकं बाजूला केलं...

तिला चेहरा नव्हता. नाक, ओठ, हनुवटी, पंधरा दिवस, सगळं फडक्यावर होतं.

कॉम्प्रेसर चालूच होता. तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

हरीओमनं तिला माझ्या हातातून हळूच घेतलं, कापसात ठेवलं. "राहू द्या," एवढंच म्हणाला, आणि नऊ जण तिथंच सोडून जीपमध्ये बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. दसऱ्याला सहा दिवस होते.

बाबा मागून येऊन फडक्याकडे पाहत राहिले. "जीप हाये का ते, बाई? पिलास्टिक हाये. आंदी चमच्यावर पाह्यचं असते."

मग मी चमच्यावर पाहिलं. चहाच्या टपरीवरून प्लास्टिकचे चमचे आणले. थिनर लावला की चमचा चिकट व्हायचा, बोटाचा ठसा उमटायचा. मग फाटकांना मारतात तो अ‍ॅल्युमिनियम रंग घेतला, टर्पेंटाईनमध्ये पातळ केला. चमचा जसाच्या तसा राहिला. हा रंग वाळायला दिवस घेतो, पण अंग खात नाही. नऊ जणांना फळीवर उभं केलं, हवा कमीत कमी ठेवली आणि वीतभर लांबून, धुकं सोडावं तसा एक हात मारला. एक दिवस थांबले, मग दुसरा हात. दर जीप थांबली की मान वर व्हायची... आणि खाली जायची.

तो आला तेव्हा दसऱ्याला तीनच दिवस उरले होते. कानाच्या घडीत अजून थोडी चांदी होती. आधी त्यानं फळीवरचे नऊ पाहिले, एकेकाला उन्हाकडे वळवून. त्याचे खांदे सैल झाले. मग डबा उघडला.

झेंडेवाली उभी होती. जिथे चेहरा गेला होता तिथे त्यानं पुट्टीची एक चिमटीभर ओढणी बांधली होती, नाकावरून, हनुवटीखालून, मागे गाठ. वर फक्त डोळे. जरासे बारीक झालेले, आत हसणाऱ्या माणसाचे असतात तसे.

"उघडा चेहरा इतक्या दिवसात होतच नव्हता," तो म्हणाला. "मले जेवढं ठाऊक हाये, तेवढंच केलं."

मी तिला उचलून उन्हाकडे वळवलं.

"आन् ते थिनर... मले वासावरूनच समजाले पाह्यजे होतं. पन मी फडक्याकडं पाहून नव्हतो राह्यलो."

"मंग कोनीकडं पाहून राह्यले होते?"

त्यानं माझ्या ओढणीकडे पाहिलं. मी ओढणीची गाठ सोडली. एवढंच केलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, काच उन्हात धरली होती तसा, घाई न करता.

"आता हे सारं पुन्हा करा लागन," तो म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर हसले, उघड्या चेहऱ्यानं.

तिच्यावर रंग मारताना एकही थेंब ओघळला नाही. डबा वेळेवर पुण्याला पोचला.

उत्तर दसऱ्यानंतर आठ दिवसांनी आलं. चंदेरी काम फार पसंत. नऊ पास. दहावी त्यांच्या चित्राबरोबर जुळत नाही, चेहरा उघडाच हवा, म्हणून डबा अपुरा. सहा महिने इकडे येऊन काम शिक, मग घरून कर. झेंडेवाली त्यांनी परत पाठवली होती.

माझ्या एका फडक्यापायी सहा महिने. हे मी त्याला म्हणाले तेव्हा त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली. "हे तुयी," म्हणाला. तुमचं तुझं कधी झालं, कळलंच नाही.

तो निघाला त्या दिवशी दोन जिपा बदलून मी जऊळक्याच्या स्टेशनावर गेले. अकोल्याची पॅसेंजर यायची होती. गोमतीबाई बाकावर बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर. दर रविवारी मी येत जाईन, औषधही आणत जाईन, असं मी आधीच त्यांच्या घरी जाऊन कबूल केलं होतं. हरीओमला त्यांच्याकडूनच कळलं. तो चष्मा पुसत राहिला, पुसून झाला तरी.

गाडी आली. मी पर्समधून छोटी बाटली काढली, रंगात बोट बुडवलं आणि त्याच्या डाव्या कानाला लावलं. गोमतीबाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडे, सिग्नलकडे पाहिलं.

"हा पान्यानं जात नाई," मी म्हणाले. "टर्पेंटाईन लागते."

"पुन्यात भेटते टर्पेंटाईन."

"भेटते. पन घेऊ नको."

त्यानं कानाला हात लावला नाही. गाडी हलली, दारात तो उभा, ऊन त्या बाजूनं. वळण येईपर्यंत माणूस दिसेनासा झाला होता, तरी एक ठिपका चमकत होता.

मी बाकावर गोमतीबाईंशेजारी जाऊन बसले, आणि त्यांनी माझा चंदेरी हात आपल्या हातात घेतला.