सवतबुरशी

चौथ्या कोठीतल्या मक्याला बुरशीचा वास येत होता, आणि मोनालीला चक्क आनंद झाला.

विट्याजवळच्या त्या कोंबडीखाद्याच्या गिरणीत सतरा वर्षं मोनालीचं नाक हाच कायदा होता. ओल्या मक्यावर बुरशी चढते, बुरशी विष सोडते, आणि ते खाद्यातून पोटात गेलं की कोंबडीचं लिव्हर सुजतं, अंडी घटतात, पिल्लं तर पटापट माना टाकतात. विषाला वास नसतो, पण बुरशीला असतो. मोनालीने मान हलवल्याशिवाय पोल्ट्रीवाले पोतं उचलत नसत.

मग तिची धाकटी जाऊ स्वप्नाली पुण्याहून सूक्ष्मजीवांचं शिक्षण घेऊन आली आणि येताना एक नवी बुरशी घेऊन आली. विषारी बुरशीची सख्खी बहीणच, फक्त विष बनवायचा गुण काढून टाकलेला. ही आधीच मक्यावर शिंपडायची. ती सगळी जागा अडवते, विषारीला पाय ठेवायला जागा उरत नाही. तिचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसेना, तेव्हा मोनालीच वैतागून म्हणाली होती, "सवत आणलीस म्हण की सरळ!" नाव चिकटलं. कौतुक मात्र कुणाचं? स्वप्नालीचं. पेपरात फोटो कुणाचा? स्वप्नालीचाच. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी शास्त्रज्ञ आहे हो!" आणि थोरली? थोरली चहा टाकायची. त्यात दोन्ही बुरश्यांचा वास एकसारखा, म्हणजे मोनालीच्या नाकाला आता कुणी विचारेना. तिचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिने ते केलं. चौथ्या कोठीसाठी दिलेली सवतीची पिशवी तिने चुलीत घातली आणि शिंपडली म्हणून सांगितलं. वर कोठीचं झाकण मुद्दाम किलकिलं ठेवलं, ओल आत शिरावी म्हणून. एक कोठी सडू दे, आपण वेळेत ओरडू, म्हणजे कळेल सगळ्यांना कोण खरं ते.

आज ती वेळ आली होती. पण स्वप्नालीने तीन जागचा मका काढला, दळला, विषाच्या चाचणीपट्टीवर थेंब टाकला आणि म्हणाली, "साफ. भरा."

खाली रेश्मा मुलाणीचा टेम्पो उभा होता. तिच्या शेडमध्ये नवी चार हजार पिल्लं आली होती आणि हा मका त्यांच्यासाठीच निघाला होता.

विष सगळीकडे सारखं पसरत नाही, एखाद्याच कोपऱ्यात गोळा होतं. पट्टी चुकली, हे मोनालीला माहीत होतं आणि फक्त तिलाच माहीत होतं. गप्प बसली तर पिल्लं मरणार आणि धाकटीचं नाक कापलं जाणार. क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला ते गोडही वाटलं. मग रेश्माने खालून हाक मारली, "मोनावैनी, भरू का?"

"थांब!" मोनाली ओरडली. "स्वप्ना, चौथ्या कोठीत सवत नाहीये."

"विसरलात?"

"विसरले नाही. जाळली. तुझी जिरावी म्हणून."

स्वप्नाली लालबुंद झाली. "चार हजार जीव आहेत, ताई! माझा राग आला तर मला बोलायचं ना!"

"बोलायला तू घरात असतेस कधी? सदानकदा सत्कार!"

पुढे भांडायला वेळ नव्हता. दोघी शिडीने वर चढून कोठीत उतरल्या. झाकणाखालचा, भिंतीलगतचा, तळाचा, असा बारा जागचा मका त्यांनी काढला. बाराही पट्ट्या साफ निघाल्या.

"मग हा वास कुणाचा?" मोनालीने विचारलं.

स्वप्नालीने खिशातून जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली. आपली बुरशी ओळखता यावी म्हणून तिने एक खूण ठेवली होती: या उजेडात सवत केशरी चमकायची. झाकण ओढून अंधार केला आणि बॅटरी धरली, तर अख्खा ढीग केशरी.

"मी टाकली नाही गं, शपथ!"

"माहीत आहे. ती आपली आपण आलीय." स्वप्नाली ढिगाकडे बघत म्हणाली. "शिंपडलेल्या मक्याबाहेर ती दोन दिवससुद्धा जगणार नाही, असं मी सही करून दिलंय, ताई. सगळ्या तालुक्याला."

बॅटरी फिरली. भिंत केशरी, शिडी केशरी. मोनालीच्या बाहीवर, बोटांच्या पेरांवर केशरी ठिपके होते. मक्यात तिचा हात मनगटापर्यंतच गेला होता, पण बाहीवरचा डाग काखेपर्यंत चढला होता. इतकी वर्षं जिचा हेवा केला ती जाऊ आता समोर उघडी पडली होती, आणि मोनालीला काडीचंही बरं वाटलं नाही. ती नुसती घाबरली होती.

"घाबरू नका," स्वप्नाली म्हणाली. "निरुपद्रवी आहे ती. विष नाही तिच्यात, पट्ट्या बघितल्यात ना तुम्ही."

खाली उतरल्यावर स्वप्नाली रेश्माकडे गेली नाही, सरळ नळावर गेली. साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासले, धुतले, पुन्हा घासले. तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा मोनाली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"निरुपद्रवी आहे ना गं ती? मग तू हात का धुतेयस?"