बंद घरात रेकॉर्ड झालेली मॅच

मुलांनो, एक अरुंद गल्ली डोळ्यांसमोर आणा. पोर्ट सईदच्या जुन्या वस्तीतली. दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची चार-चार मजली घरं. सज्जे इतके जवळ की एकीने पुदिना मागितला तर समोरचीने तिथूनच जुडी फेकावी. आता समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात, तिसऱ्या मजल्यावर राहता, आणि शनिवारी संध्याकाळी समोरच्या घरातून किंकाळी येते.

बुसैनाने ती ऐकली.

"सब्री गेला! माझा सब्री पुन्हा गेला!"

सब्रीला जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणूनच सगळी गल्ली जिना चढून वर धावली.

हाज्जा तफीदा टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. टीव्हीखाली त्यांचं व्हिडिओ मशीन, कुवेतच्या मुलाने घेऊन दिलेलं, बाजारातलं सगळ्यात भारी. आत होती भाचीच्या लग्नाची कॅसेट. त्या कॅसेटमध्ये सब्री सिमसिमियाच्या तारा छेडत गायचा. नवऱ्याचा आवाज आता हाज्जांकडे तेवढाच उरला होता. रोज दुपारच्या नमाजानंतर त्या तो ऐकत.

आणि आता पडद्यावर फुटबॉल चालला होता.

"शुक्रवारची मॅच!" कोणीतरी म्हणालं.

मॅच पहिल्यापासून नव्हती, मधूनच सुरू होत होती. समालोचकाचा पहिला शब्दसुद्धा अर्धा तुटलेला, "...सईदचे खेळाडू आता..." पंचाने मध्यंतराची शिट्टी फुंकली, पडदा एकदा थरथरला आणि लगेच उत्तरार्ध सुरू झाला. मॅच संपल्यावर लग्नातलं शेवटचं जेवण तेवढं उरलं होतं. त्यात सब्री नव्हता.

बुसैना पुढे सरकली. मागच्या वर्षी गच्चीवरची कबुतराची अंडी कोण पळवतं ते तिने शोधून काढलं होतं, तेव्हापासून गल्ली तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायची. अर्धी थट्टा, अर्धं कौतुक.

"हाज्जा, सब्रीकाकांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"शुक्रवारी सकाळी. शेहाता मशीन साफ करायला आला होता. साफ केल्यावर लावून बघितलं. सब्री गायला. मग मशीनने आपणच फीत गुंडाळून सुरुवातीला आणली. कॅसेट मी आतच राहू दिली."

"मग?"

"बहिणीकडे पोर्ट फुआदला गेले. आत्ता येतेय."

"घरात कोण होतं?"

"भिंती."

"किल्ली?"

हाज्जांनी गळ्यातली दोरी ओढून दाखवली. "एकच."

"कुलूप?"

"जसंच्या तसं."

"सज्जाचं दार?"

"उघडं. घराला वारा नको? तिसऱ्या मजल्यावर काय माकड चढणार आहे?"

गर्दीतून शेहाताकाका म्हणाले, "हाज्जा, मी शंभरदा सांगितलं होतं, कॅसेटच्या कडेची ती प्लास्टिकची टिकली मोडून टाका. मग वर काही रेकॉर्ड होतच नाही."

"सब्रीच्या अंगाला चिमटा लावू मी?" हाज्जा कडाडल्या. "कसं मोडू?"

 वस्तीतले सगळे रेडिओ, टीव्ही, व्हिडिओ शेहाताकाकांच्याच हातून दुरुस्त व्हायचे. व्यापारी रस्त्यावरचे दुकानदार उस्ताद लबीबही विकलेली मशीनं घरोघरी जोडायला यांनाच धाडायचे. हे भारी मशीन लबीबनी या वस्तीत पाच घरांत विकलं होतं. एक बुसैनाच्याच घरी होतं. तिचे वडील कालव्यावर टगबोट चालवत आणि शुक्रवारी कामावर असत. त्यांच्यासाठी मॅच रेकॉर्ड करून ठेवायचं काम तिचं.

बुसैनाने खोलीवर नजर फिरवली. मशीन सज्जाकडे तोंड करून उघडंच बसलं होतं. त्याची जाड मखमली खोळ बाहेर दोरीवर वाळत होती.

"ही खोळ कधी धुतलीत?"

"शुक्रवारीच. शेहाता म्हणाला, हिच्यात धूळ आहे, ती मशीनमध्ये जाते."

बुसैनाने मान डोलावली. पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. तिच्या डोक्यात एक झकास कल्पना आली होती. मुलांनो, झकास कल्पना आली की माणसाला दुसरं काही दिसत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"शेहाताकाका, मॅच कुठं पाहिलीत?"

"कुठली पाहतोय! लबीबच्या गोदामात नऊ टीव्ही जोडत होतो."

"म्हणजे चुकली. नंतर बघायला मिळाली असती तर आवडलं असतं?"

"कोणाला नसतं आवडलं?"

"या मशीनला टाइमर असतो ना? माणूस नसताना आपोआप रेकॉर्ड करणारा?"

"असतो," ते हळू म्हणाले. आता त्यांना कळलं होतं ती कुठं चाललीय.

बुसैनाने सगळ्यांकडे तोंड केलं. "घर बंद होतं. किल्ली एकच. मग बंद घरात मॅच रेकॉर्ड कोण करणार? जो सकाळी मशीनजवळ एकटा बसला आणि टाइमर लावून गेला तो! आत कोणाची कॅसेट आहे, याचा विचारही केला नाही त्याने."

 मग कोणीतरी टाळी वाजवली. "वा रे इन्स्पेक्टर!"

"पोरी," शेहाताकाका म्हणाले, "माझी चूक असती तर मी सांगितली असती."

"चोर काय सांगतो?" बुसैना म्हणाली. लोक हसले. तिला ते हसणं फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गोष्ट तिने घरोघरी सांगितली. दुधवाल्याकडे, शिवणाऱ्या आयदाबाईंकडे, दातांचे डॉक्टर नाशिद यांच्याकडे. चौदा घरं झाली. आणि चौदा घरांनी शेहाताकाकांना आत घेणं बंद केलं. लबीबनीही त्यांना मशीनजोडणीला पाठवणं थांबवलं. दुसऱ्याच्या घरात शिरूनच ज्याचं काम होतं, त्याला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, म्हणजे उरलं काय?

मंगळवारी शाळेतून येताना बुसैना लबीबच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर एक जाड वही असायची. भारी मशीन घेतलेले गिऱ्हाईक तीत आपलं मत लिहीत, आणि कैरोहून आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला लबीब ती वही कुराणाच्या खालोखाल आदराने दाखवत.

"कशाला हवी गं?" लबीबनी विचारलं.

"टाइमरबद्दल कोणी लिहिलंय का बघायला. पुरावा पक्का हवा ना."

तिने पानं उलटली.

आयदाबाईंनी लिहिलं होतं: "चित्र अगदी पाण्यासारखं स्वच्छ. पण वजन इतकं की माझं टेबल वाकलं. आणि ते हिरवे आकडे कॅनरीला झोपू देत नाहीत."

डॉक्टर नाशिद यांचं मत: "रिमोट अफलातून. मी दाढी करताना मशीनकडे पाठ असते. आरशात ते दिसतं. मी आरशाकडेच रिमोट रोखतो, तरी ऐकतं. माझी मुलं इतकी ऐकत नाहीत."

बुसैना हसली. खाली जकातीतल्या फिक्रींचं मत होतं. तिला हवं होतं तेच, टाइमरबद्दल.

"टाइमर मिनिटाचाही उशीर करत नाही. लावलेल्या वेळी सुरू, लावलेल्या वेळी बंद. फक्त अक्कल नाही. मॅचचं मध्यंतर, जाहिराती, बातम्या, सगळं गिळतो. मध्ये थांबत नाही."

तिने ते दोनदा वाचलं. मध्ये थांबत नाही.

हाज्जांच्या कॅसेटमध्ये मध्यंतर नव्हतं. सुरुवातही ठरल्या वेळेला नव्हती, अर्ध्या शब्दावर होती. मग तो टाइमर नव्हताच. मॅच बघत बसलेल्या, हातात रिमोट असलेल्या माणसाने मध्यंतरात रेकॉर्डिंग थांबवलं होतं आणि पुन्हा चालू केलं होतं.

पण घरात तर कोणीच नव्हतं.

तिची नजर पुन्हा डॉक्टरांच्या ओळींवर गेली. आरसा. मशीनकडे पाठ. तरी ऐकतं.

"काय झालं गं? चेहरा का उतरला?"

"काही नाही, उस्ताद," ती म्हणाली आणि पळत सुटली.

घरी आई करीमा स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. बुसैनाने वडिलांसाठी ठेवलेली कॅसेट मशीनमध्ये सरकवली.

"...सईदचे खेळाडू आता..."

तोच तुटलेला शब्द. तिने फीत पुढे पळवली. शिट्टी. थरथर. उत्तरार्ध.

तिचे कान गरम झाले. शुक्रवारी कोरी कॅसेट वेळेवर सापडली नव्हती, म्हणून तिने उशिरा सुरुवात केली होती. मध्यंतरात तिनेच थांबवलं होतं.

हातात रिमोट होता. एक बटण दाबलं की ही मॅच पुसली जाणार होती. मग कोणालाही काही कळणार नव्हतं. बाबांना सांगता आलं असतं, 'विसरले'. तिने अंगठा बटणावर ठेवला. सज्जातून खाली शेहाताकाका दिसत होते. हत्यारांची पेटी शेजारी बंद ठेवून ते आपल्या पायरीवर बसले होते. तिला पाहून त्यांनी हात हलवला.

"काय इन्स्पेक्टर? आज कोणाला पकडलं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिने अंगठा उचलला.

बुधवारी दुपारी हाज्जांच्या खोलीत पुन्हा लोक जमले. बुसैनाने शेहाताकाकांनाही बोलावलं होतं. ते दाराबाहेरच उभे राहिले. हाज्जांच्या मशीनमध्ये तिने एक कोरी कॅसेट घातली, मशीन बंद ठेवलं आणि सज्जाचं दार सताड उघडलं.

"कोणी हात लावू नका. नुसतं बघा."

ती जिना उतरून समोरच्या घरात गेली. आपल्या खोलीत नेहमीच्या जागी बसली. तिचा टीव्ही सज्जाच्या दाराला लागून होता, म्हणून रिमोट रोखला की तो आपोआप गल्लीपलीकडे रोखला जायचा. तिने बटण दाबलं.

पलीकडून एकदम कलकलाट झाला.

"बिस्मिल्लाह! आपोआप लागलं!"

तिने दुसरं दाबलं.

"लाल दिवा! रेकॉर्ड करतंय!"

बुसैना परत आली तेव्हा आयदाबाई भूतबाधेवरचा मंत्र पुटपुटत होत्या.

"भूत नाही," बुसैना म्हणाली. "मी आहे."

तिने खाली बघतच सांगितलं, पण सगळं सांगितलं. "दोन्ही मशीनं एकाच जातीची. एकाच रिमोटचं ऐकतात. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो आरशावरून परततो, गल्लीही ओलांडतो. एरवी हाज्जांच्या मशीनवर जाड खोळ असते, उजेड आत शिरत नाही. शुक्रवारी ती वाळत होती. मी आमचं मशीन लावलं, तेव्हा हेही लागलं. मी रेकॉर्ड केलं, याने केलं. मध्यंतरात मी थांबवलं, हे थांबलं. पहिल्या बटणावर दोन्हीकडे पहिलीच वाहिनी आहे, शेहाताकाका सगळ्यांकडे तशीच लावून देतात. शेवटी मी फीत मागे नेऊन बंद केलं, यानेही तसंच केलं. टाइमर कोणी लावला नव्हता. माझी कॅसेट लावून बघा. दोन्हींचा पहिला शब्द एकाच जागी तुटलाय."

फिक्री जकातवाले पुटपुटले, "अरे, मी तर लिहूनच ठेवलं होतं..."

"तुम्ही गप्प बसा," आयदाबाई म्हणाल्या.

हाज्जा तफीदांनी आपल्या हाताने मशीन बंद केलं. मग म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं नाहीस."

"नाही, हाज्जा."

"तरी सब्री परत येत नाही."

"नाही, हाज्जा."

"जा. आज माझ्यासमोर उभी राहू नकोस. उद्या ये."

बुसैना दाराकडे वळली. शेहाताकाका तिथंच होते.

"काका, मशीनचं मला माहीत नव्हतं."

"ते मला कळलं," ते म्हणाले. "कोणाच्याही हातून झालं असतं ते."

"पण तुम्हाला चोर म्हटलं, ते माझ्याच तोंडाने."

"हो." त्यांनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते मात्र रिमोटने नाही केलं."

लोक आता मोठमोठ्याने बोलत होते. कोणी तिला शाबासकी देत होतं, "काय डोकं आहे पोरीचं!" कोणी शेहाताकाकांच्या पाठीवर थाप मारत होतं, जणू काही झालंच नव्हतं. आई म्हणाली, "चल, झालं ना सांगून. घरी चल आता."

बुसैनाने नकारार्थी मान हलवली. खोलीत जमलेले होते आठ-दहा जण. चोराची गोष्ट तिने चौदा घरांत सांगितली होती. डॉक्टर नाशिद आलेच नव्हते, दवाखान्यात होते. दुधवाला आला नव्हता. कोपऱ्यावरची म्हातारी जिना उतरूच शकत नव्हती.

ती एकटीच खाली गेली. गल्लीच्या टोकाला डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेर बाकावर गाल धरून चार माणसं बसली होती. तिने दार ठोठावलं. डॉक्टरांनी हातातला चिमटा तसाच धरून दार उघडलं.

"अरे, इन्स्पेक्टर! दात दुखतोय?"

"नाही," बुसैना म्हणाली. बाकावरच्या चौघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "रविवारी मी तुम्हाला शेहाताकाकांबद्दल सांगितलं होतं. ते खोटं होतं."