नायिकेचा राग

"ही माझी खुर्ची आहे," ती म्हणाली.

खुर्चीतल्या तरुणाने मान वर केली, खुर्चीच्या मागे वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नाव कुठे दिसत नाही."

झालं. घरी वहिनी तिला उगाच ठिणगी म्हणत नव्हती. आधीच दिवस वाईट गेला होता. दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहून राबायची, पण समोरच्या टेबलापाशी बसून पेशंटशी बोलायचं काम दुसरीला मिळालं होतं. का, तर तिला इंग्रजी फाडफाड येतं. म्हणून तर ठिणगी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरवरच्या या इंग्रजीच्या वर्गाला येत होती. आणि इथे हा.

"काल मी इथेच बसले होते."

"मग आज शेजारी बसा," तो म्हणाला. "मी चावत नाही."

सरांनी नेमकी त्यांचीच जोडी लावली. रीत अशी, की दोघांसमोर दोन कॉम्प्युटर, पण पडद्यावर पान एकच. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं, खोडताही येतं. दोघांनी मिळून इंग्रजीत एक गोष्ट लिहायची आणि परीक्षेला सगळ्यांसमोर वाचायची.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नव्या लिफ्टच्या सूचना इंग्रजीत येत होत्या, आणि ही परीक्षा पास झाल्याशिवाय कंपनी त्याला त्या कामाला हात लावू देणार नव्हती. हे त्याने आपणहून सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

गोष्टीतली नायिका दुकानात काम करायची. मेहनत तिची, शाबासकी भलतीला. ठिणगीने लिहिलं, 'शी इज अँग्री.' दुसऱ्याच क्षणी तिच्या डोळ्यांदेखत 'अँग्री' गेलं आणि तिथे 'सॅड' आलं.

"काय केलंत हे?"

"वाचणाऱ्याला दया आली पाहिजे ना."

"दया कशाला? तिचं डोकं फिरलंय. तुमचं काम कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवलं तर तुम्ही रडत बसाल?"

तो विचारात पडला. "नाही... पान्हा फेकून मारेन."

"मग?"

त्याने मुकाट्याने शब्द परत घातला. तिने मान फिरवली, कारण हसू येत होतं आणि त्याला ते दाखवायचं नव्हतं.

मग भांडायची सवयच लागली. तो खोडायचा, ती परत लिहायची. कधी दोघं एकाच वेळी एकाच शब्दावर यायचे आणि अक्षरांची खिचडी व्हायची. त्याच्या बाहीला ग्रीसचा वास यायचा. सुरुवातीला ती खुर्ची सरकवायची... हळूहळू विसरायला लागली. एकदा तो आला नाही, तर तिला भयंकर राग आला. न सांगता राहतो म्हणजे काय? राग खरा कशाचा होता, ते वहिनीने जेवताना तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. "कोण गं तो?" एवढंच तिने विचारलं, आणि ठिणगी ताटावरून उठली.

परीक्षेच्या आधी सरांनी गोष्ट वाचली. "मुलगी फार उद्धट आहे. शेवटी तिला मालकाची माफी मागू दे," ते म्हणाले आणि स्वतःच तसं लिहून मोकळे झाले. ठिणगीच्या अंगाची लाही लाही झाली. पण मार्क सरांच्या हातात होते.

परीक्षेच्या दिवशी भिंतीवर मोठा पडदा होता. ती उभी राहून वाचत होती, तो कॉम्प्युटरपाशी पान सरकवत होता. शेवटचं वाक्य आलं. 'आय अ‍ॅम सॉरी.' तिने वळून त्याच्याकडे बघितलं.

तेवढ्यात 'सॉरी'ची अक्षरं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. त्या जागी उमटलं, 'आय अ‍ॅम अँग्री. गुडबाय.'

तिने ते खणखणीत वाचलं. वर्गात टाळ्या पडल्या. सरांचा चेहरा उतरला. "काम जोडीचं, म्हणून नापासही जोडीनेच," ते म्हणाले.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "कुणी सांगितलं होतं? तुमचं नवं काम गेलं ना आता?"

"पुढच्या तुकडीत परत बसू."

"बसू म्हणजे? मला गृहीत धरलंत?"

"नाही, म्हणजे..." तो कठड्यावरून उगाच बोट फिरवत राहिला. "मला काहीतरी सांगायचंय."

"मग सांगा. इतके दिवस तोंडात काय धरलंय?"

"इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. आपल्या भाषेत 'तुम्ही' म्हणून हे सांगता येत नाही, आणि 'तू' म्हणायची हिंमत होत नाही. तिथेच अडलंय."

तिचे कान गरम झाले. एवढ्यासाठी हा माणूस अडून बसला होता? एवढ्याशा शब्दासाठी?

"तू म्हण," ती रागानेच म्हणाली. "आणि लवकर म्हण. वहिनी वाट बघतेय."