लावलेलं दार

घरात शिरल्यावर आपल्यामागे दार तुम्हीही लावता ना? मी तर बघतसुद्धा नाही, हात आपोआप कडीकडे जातो. घरात आम्ही मायलेकी दोघीच, म्हणून ही सवय.

लेक स्कूटरवरून पडली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. ती कॉम्प्युटरवर बंदुकीचा एक खेळ खेळते. रोज एक डाव खेळला नाही तर संघातून काढतात म्हणे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. भर दुपारी तिच्या खोलीत पडदे ओढून, कानांवर हेडफोन चढवून मी बसले. ती मागे कॉटवर पडून शिकवत होती.

स्क्रीनवर माणूस दिसतच नाही. दिसतात फक्त दोन हात आणि बंदूक. म्हणजे तो माणूस आपणच.

"आई, बंदूक आहे ती. झाडूसारखी काय धरतेस?"

"मला माणसं मारायला जमायचं नाही गं."

"नको मारूस. लपून बस. शेवटपर्यंत जगलीस तरी पुष्कळ झालं."

मी एका ओसाड घरात शिरले आणि दार लावलं.

"अगं, उघड ते. इथली सगळी दारं आधीपासून उघडीच असतात. लावलेलं दिसलं की कळतं, आत कुणीतरी आहे."

मी उघडलं. थोड्या वेळाने दुखण्यावरच्या गोळीच्या गुंगीत तिला झोप लागली. खोलीत मलमाचा उग्र वास कोंडला होता. मी दुसऱ्या घरात शिरले, आणि सवयीने पुन्हा दार लावलं.

बाहेर लाकडी पायऱ्यांवर पावलं वाजली. सावकाश. दाराशी येऊन थांबली.

"काकू…" कानात कुणीतरी अगदी हळू म्हणालं. "दार लावलंत…"

खेळात माझं नाव लेकीचंच होतं. आणि बोलायचा माइक तिने काढून ठेवलेला, माझ्यासमोर टेबलावर पडला होता.

"मुलगी… झोपली का?"

मी प्लगच उपटला.

रात्री लेकीला माझ्या खोलीत झोपायला घेतलं.

"आई, मी काय लहान आहे?"

"आजच्या दिवस ऐक माझं."

तिच्या खोलीच्या खिडकीला गज आहेत. दार मात्र मी, कधी नव्हे ते, सताड उघडं ठेवलं.

सकाळी जाग आली तेव्हा लेक माझ्या शेजारी शांत झोपली होती, आणि तिच्या खोलीला आतून कडी होती.